समुद्र बघायला जायचं, पण कोणत्या महिन्यात?

आमच्या गटातल्या बायका दोन वर्षांपासून बचतीशिवाय महिन्याला शंभर रुपये वेगळे टाकतायत, मालवण आणि गोवा बघायचं म्हणून. आमच्यातल्या निम्म्याहून जास्त जणींनी समुद्र पाहिलेला नाही. काही जणी साठीच्या पुढच्या आहेत. पैसे जमले, आता वाद उरलाय तो महिन्याचा. बहुतेकींचं म्हणणं, मे महिन्यात जाऊ. हळद शिजवून, वाळवून झालेली असते, पेरणीला अवकाश असतो आणि लेकरांना सुट्ट्या असतात. म्हणणं खोटं नाही. पण तिकडच्या हवेची गोष्ट वेगळी आहे.

मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ अंशांवर जातो. मालवणात, पणजीत तो ३३-३४ च्या आसपास असतो. ऐकून वाटतं, चला, थंड हवेच्या गावाला निघालो! तसं नाही. आपल्या घरातला माठ आठवा. माठातून पाणी पाझरतं, वाऱ्यानं ते उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. आपलं अंगही असंच थंड होतं, घाम वाळला की. हिंगोलीची हवा उन्हाळ्यात कोरडी, म्हणून घाम आला कधी अन् वाळला कधी ते कळत नाही. समुद्राकाठची हवा मात्र आधीच पाण्यानं भरलेली. तिच्यात आणखी पाणी मावत नाही. घाम नुसता वाहत राहतो, अंग काही थंड होत नाही. आपल्याकडचा कूलरही तिथं नावालाच, कारण त्याचंही काम माठासारखंच आहे.

रात्री तरी सुटका? जमीन लवकर तापते आणि लवकर निवते, समुद्र दोन्ही सावकाश करतो. त्यामुळं तिकडं दिवसा पारा फार चढत नाही, पण रात्रीही उतरत नाही. दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे शाळेत शिकलो होतो, ते तिथं अंगावर कळतात. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांनी अशा दमट उकाड्यात दिवसभर फिरणं आम्हाला तरी धोक्याचं वाटतं. चक्कर, पायात गोळे, मळमळ झाली तर लगेच सावलीत बसवायचं, मीठ-साखरेचं पाणी पाजायचं. बोलण्यात भ्रम वाटला तर तिथंच वेळ न घालवता दवाखाना गाठायचा.

आता पाऊस. सह्याद्री हा भिंतीसारखा उभा आहे. अरबी समुद्रावरचे ढग त्याला अडून वर चढतात, गार होतात आणि तिथंच रिते होतात. आपल्याकडं पावसाळ्यात साधारण ८०० मिलिमीटर पाऊस, सिंधुदुर्गात तीन हजारांच्या पुढं, आणि घाटातल्या आंबोलीत त्याच्याही दुप्पट. आपल्या वाट्याचा बराच पाऊस बंगालच्या उपसागराकडून येतो, म्हणून बीड-धाराशिवपेक्षा आपण जरा बरे.

मेच्या शेवटी स्वस्तात गाडी मिळते, असंही एकीनं सुचवलं. तिला सांगायचंय, २०२५ साली मान्सून २४ मेला केरळात आणि दुसऱ्याच दिवशी सिंधुदुर्गात पोचला होता. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते चक्रीवादळ त्याच किनाऱ्याजवळून गेलं. पावसाळ्यात समुद्र इतका खवळतो की १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, आणि सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्याही बंद. जिथं कोळी होडी घालत नाही तिथं आपण पदर खोचून पाण्यात उतरायचं नाही.

मग कधी? आमचं मत, डिसेंबरचा पहिला पंधरवडा. सोयाबीन निघालेलं, हळद काढायला अजून वेळ, पाऊस सरलेला, सकाळ-संध्याकाळ हवा छान. कापूस वेचणी चालू असते, हे खरं. चार दिवस घरातल्या पुरुषांनी वेचला तर काय बिघडतं?

जाताना विकायला पापड, कुरडया आणि आपली वसमतची हळद नेणार आहोत. इथं महिनोन्‌महिने कडक राहणारा पापड तिथं उघडा ठेवला तर लवकरच सादळतो. म्हणून पाव किलोच्या लहान पिशव्या इथंच, दुपारच्या उन्हात माल तापवून पूर्ण गार झाल्यावर सीलबंद करायच्या. गरम भरला तर आत वाफ धरते. गिऱ्हाइकानं चव बघायला मागितली तर एकच पिशवी फोडायची, बाकीच्या डब्यात.