रोपांचे प्रकाशभान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

अंधारात उगवलेले रोप उंच दिसते, म्हणून ते जोमाने वाढले असे समजले जाते. नवरात्रात घटाभोवती पेरलेले गहू-ज्वारीचे धान देवघराच्या मंद उजेडात नऊ-दहा दिवसांत वीतभर चढते. ही उंची खरी असली तरी ती भरीव वाढ नसते. पेशी लांबलेल्या असतात आणि त्यासाठी लागणारे अन्न बियातल्या साठ्यातून आलेले असते. पूर्ण अंधारात वाढलेले रोप वाळवून तोलले, तर त्याचे वजन मूळ बीपेक्षा कमी भरते, कारण साठ्याचा काही भाग श्वसनात खर्च झालेला असतो.

असे पिवळे, लांबट रोप आजारी असते, हाही गैरसमजच. मातीखाली पाने पसरून उपयोग नसतो. म्हणून मूग किंवा घेवड्याचा अंकुर मान वाकवून, बीजपत्रे मिटून, सगळी शक्ती वर पोचण्यात घालतो. वाकलेल्या मानेमुळे कोवळा शेंडा मातीच्या घर्षणातून वाचतो. सपुष्प वनस्पतींत हरितद्रव्य तयार होण्याच्या अखेरच्या टप्प्यांतली एक पायरी प्रकाशाशिवाय पार पडत नाही, म्हणून रोप पिवळे राहते. उजेड मिळताच काही मिनिटांत दांड्याचे लांबणे मंदावते. पुढच्या काही तासांत मान सरळ होऊ लागते, बीजपत्रे उघडतात आणि हिरवी होतात.

प्रकाश म्हणजे झाडाचे अन्न तयार करण्याचे साधन, एवढेच शाळेतून मनावर ठसते. बहुतेक गैरसमजांचे मूळ इथेच आहे. अंधारातल्या रोपाला मंद लाल प्रकाश काही मिनिटेच दिला तरी त्याची वाढ बदलते. एवढ्या प्रकाशात नाव घेण्याजोगे अन्न तयार होत नाही. रोपाला मिळते ती फक्त खबर. ती टिपण्याचे काम हरितद्रव्याचे नसून वेगळ्या प्रथिनांचे असते. अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथे 1952 मध्ये बोर्थविक, हेंड्रिक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेट्यूसच्या बियांवर लाल आणि अतिलाल प्रकाशाचे झोत आलटून पालटून टाकले. शेवटचा झोत लाल असेल तर बहुतेक बिया रुजत, अतिलाल असेल तर बहुतेक निद्रिस्त राहत. आधी किती झोत पडले याला महत्त्व नव्हते. या उलटसुलट वागण्यामागे फायटोक्रोम हे प्रथिन आहे. सुमारे 660 नॅनोमीटरचा लाल प्रकाश त्याला सक्रिय रूप देतो, सुमारे 730 नॅनोमीटरचा अतिलाल प्रकाश ते काढून घेतो. निळ्या प्रकाशासाठी क्रिप्टोक्रोम आणि फोटोट्रॉपिन ही निराळी प्रथिने आहेत. बी रुजायला अंधारच हवा, हा समजही या प्रयोगापुढे टिकत नाही. अनेक तणांचे बारीक बी मातीत पडून राहते आणि नांगरणीत वर येऊन उजेड लागला की उगवते.

अंधारातली वाढ प्रकाश नसल्यामुळे आपोआप घडते, असेही वाटू शकते. प्रत्यक्षात ती पेशींनी राखून धरलेली असते. अंधारात पीआयएफ नावाची प्रथिने दांडा लांबवणारी जनुके चालू ठेवतात; कॉप-1 हे प्रथिन हिरव्या वाढीला चालना देणाऱ्या एचवाय-5 या प्रथिनाचा नाश घडवून आणते. प्रकाशाने सक्रिय झालेला फायटोक्रोम पेशीकेंद्रात शिरतो, पीआयएफ नष्ट होऊ लागतात, कॉप-1 ला आवर बसतो आणि एचवाय-5 साठते. याचा पुरावा स्वच्छ आहे. मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिसमध्ये कॉप-1 चे जनुक बिघडले, की रोप काळोखातही आखूड दांड्याचे आणि उघड्या बीजपत्रांचे होते.

खिडकीकडे झुकणाऱ्या रोपाची उजेडाकडची बाजू उन्हाने आक्रसते, हे स्पष्टीकरणही चुकीचे. चार्ल्स डार्विन आणि त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गवताच्या अंकुराचे टोक झाकले, तेव्हा अंकुर वाकला नाही. प्रकाश टोकाला कळतो, वाकणे मात्र खालच्या भागात घडते. मधला निरोप्या म्हणजे ऑक्झिन हे संप्रेरक. निळ्या प्रकाशामुळे ते सावलीकडच्या बाजूला अधिक जाते, तिथल्या पेशी जास्त लांबतात आणि अंकुर प्रकाशाकडे वळतो.

रोपवाटिकेत रोपे लांबट झाली, की खत कमी पडले असे अनेकांना वाटते. बऱ्याचदा कारण दाटीचे असते. पाने लाल प्रकाश शोषतात आणि अतिलाल बराचसा परतवतात किंवा आरपार जाऊ देतात. मोकळ्या उन्हात या दोहोंचे प्रमाण साधारण 1.2 असते, गर्द पानांखाली ते 0.2 च्याही खाली जाऊ शकते. शेजारच्या पानांवरून परतलेला अतिलाल प्रकाश प्रत्यक्ष सावली पडण्याआधीच रोपाला कळतो आणि दांडा लांबू लागतो. अशा वाफ्यात नत्र वाढवले तर पाने आणखी दाटतात. टोमॅटो-मिरचीची रोपे आखूड आणि टणक हवी असतील, तर बी विरळ टाकणे आणि ट्रे भरपूर उजेडात ठेवणे अधिक उपयोगी पडते.