विहिरीतला दगड कुठला?

बारामती-इंदापूरकडे विहीर खणताना माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागतो. हा बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. तो पृथ्वीच्या पोटातून आला हे पाठ्यपुस्तकात असतेच. पण पोटातल्या कोणत्या भागातून? समुद्रतळही बेसाल्टचाच; नुसत्या डोळ्यांना दोन्ही दगड सारखेच काळे. फरक कळतो तो स्ट्रॉन्शियमच्या समस्थानिकांवरून.

रुबिडियम-८७ किरणोत्सारी आहे. त्याचे अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ होते. अर्धायुष्य सुमारे ४,९०० कोटी वर्षे. स्ट्रॉन्शियम-८६ मात्र वाढत नाही. प्रावरण अंशतः वितळते तेव्हा रुबिडियम शिलारसाबरोबर निघून जाते आणि कालांतराने खंडांच्या कवचात साठते. साहजिकच जुन्या कवचात ८७ व ८६ यांचे गुणोत्तर वाढत जाते. प्रावरणात ते फारसे वाढत नाही.

वितळताना हे गुणोत्तर बिघडत नाही का? नाही. पांढरी आणि पिवळी ज्वारी पोत्यात नीट मिसळली, तर शेरभर काढा की मणभर, प्रमाण तेच. रसायनशास्त्राच्या दृष्टीने ही दोन समस्थानिके जवळजवळ एकच.

मध्यसागरी पर्वतरांगांच्या बेसाल्टमध्ये हे गुणोत्तर साधारण ०.७०३ असते. महाबळेश्वरजवळच्या आंबेनळी गटाच्या थरांत ते ०.७०४ च्या आसपास, तर पश्चिम घाटातल्याच बुशे गटात ०.७१३ च्याही वर. फरक तिसऱ्या दशांश स्थळापासूनचा, पण अर्थ मोठा: बुशेचा शिलारस वर येताना जुने कवच विरघळवत आला, आंबेनळीचा बराचसा निर्भेळ आला.

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. तिथेही आकडा ०.७०४ च्या जवळ. तेवढ्यावर नाते जुळवणे माझ्या मते घाईचे. निओडिमियम आणि शिसे यांचीही साक्ष हवी. मात्र १९८७ मध्ये समुद्रतळाला भोके पाडून काढलेल्या बेसाल्टचे वय मालदीवजवळ सुमारे ५.७ कोटी आणि चागोसजवळ ४.९ कोटी वर्षे निघाले. दक्षिणेकडे वय घटत जाते. भारत एका तप्त स्थानावरून उत्तरेकडे सरकला, या कल्पनेशी हे जुळते.

वर्गात दाखवायला विहिरीच्या ढिगाऱ्यातले दोन तुकडे आणावेत: एक मांजऱ्या, एक घट्ट पाषाण. मांजऱ्याच्या पोकळ्यांतले पांढरे स्फटिक नंतर पाण्यातून साचलेले असतात, त्यांत त्या पाण्याचे स्ट्रॉन्शियम येते. प्रयोगशाळेत जातो तो घट्ट दगडाचा आतला, न कुजलेला गाभा.