रोवणीआधी रुतलेल्या नखाचं बघा

भंडारा जिल्ह्यात जुलै-ऑगस्ट म्हणजे धानाची रोवणी. लाखांदूर, पवनी, मोहाडीकडच्या बांध्यांमध्ये बायामाणसं दिवसभर चिखलात अनवाणी उभी असतात. त्यात पायाच्या अंगठ्याचं नख मांसात रुतलेलं असलं की ऐन हंगामात मजुरी बुडते. तरी या दुखण्याला कुणी आजार मानत नाही. हळद लावायची, चिंधी बांधायची, दुकानातून गोळ्या आणायच्या. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा पू.

नखाचा कोपरा खोल, गोल कापला की आत एखादं बारीक टोक राहतं आणि नख वाढेल तसं ते कातडीत घुसतं. ओल्या, मऊ पडलेल्या कातडीत ते आणखी सहज शिरतं. अरुंद बूटही नख दाबतात. टोक आत असताना हळद-चिंधी करणं म्हणजे काटा पायातच ठेवून नुसत्या गोळ्या खाण्यासारखंच आहे.

सुरुवातीला कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवून आणि कोपऱ्याखाली कापसाची बारीक वात सरकवून भागतं. पू होऊन लाल मांस वाढलं, की छोटी शस्त्रक्रियाच करावी लागते. तिची भीती वाटते, कारण लोकांनी अख्खं नख उपटलेलं पाहिलेलं असतं. बहुतेकांना त्याची गरज नसते. अंगठ्याचं नख पुन्हा पूर्ण यायला वर्ष-दीड वर्ष जातं आणि मूळ तसंच असल्याने नवं नखही रुतू शकतं.

त्याऐवजी फक्त रुतलेली कड काढतात. अंगठ्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंनी भूल देतात. हे टोचणं दुखतं, पुढचं कळत नाही. रबर बांधून रक्त थांबवतात, नखाची उभी पट्टी मुळापर्यंत कापून काढतात आणि मुळाच्या तेवढ्याच कोपऱ्याला तीव्र फिनॉल लावतात. तिथे सहसा पुन्हा नख येत नाही. 1945 साली ऑटो बॉल यांनी मांडलेली ही रीत आजही चालते. (फरशीचं फिनाईल वेगळं, ते जखमेला कधीही लावू नका.) रुग्ण त्याच दिवशी चालत घरी जातो, पण जागा दोन ते चार आठवडे पाझरते. तेवढे दिवस पाय चिखलात घालता येत नाही. म्हणून मे महिनाच बरा.

मधुमेह असेल तर घरी नख कोरूच नका. साखर आणि पायाचा रक्तपुरवठा तपासून घ्या. धनुर्वाताच्या इंजेक्शनचंही विचारा. आणि खुर्चीवर बसण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: पूर्ण नख काढणार, की फक्त कड?