बत्तीस बोअरचा भरवसा

'जालना सोने का पालना' असं या गावाबद्दल पिढ्यान्‌पिढ्या म्हटलं जातं. सळयांचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोंढ्यातली आडत, मोसंबीचा बाजार यांमुळे पैसा इथं हातोहाती फिरतो आणि त्याच्या मागोमाग धास्तीही फिरते. त्या धास्तीपोटी कुणी जिल्हाधिकारी कार्यालयात शस्त्र परवान्याचा अर्ज टाकतो. पोलिसांचा चौकशी अहवाल, प्रशिक्षणाचा दाखला, हेलपाटे असं सगळं पार पडलं की कमरेला बत्तीस बोअरचं पिस्तूल येतं. घेताना चर्चा होते ती किमतीची आणि कंपनीची. पुढची वीस वर्षं ते चालू कशानं राहील, हे सहसा कुणी विचारत नाही.

बत्तीसच का, याचं उत्तर कायद्यात आहे. ९ मिलिमीटरसारखे लष्कर-पोलिसांचे बोअर सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. परदेशी पिस्तुलांची खासगी आयात १९८०च्या दशकात जवळपास बंद झाली. मग उरले ते वेब्ली, वॉल्थर, ब्राउनिंग यांचे एका हातून दुसऱ्या हाती विकले जाणारे जुने नग, नाहीतर सरकारी कारखान्यांची बत्तीस बोअरची पिस्तुलं आणि रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या कारखान्यानं २०१४ साली अर्ध्या किलो वजनाचं 'निर्भीक' रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या आणि ही शस्त्रं कानपूरच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया'कडे गेली.

बत्तीस बोअरच्या पिस्तुलाची मूळ कल्पना मात्र सव्वाशे वर्षांपूर्वीची आहे. जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिराच्या रचनेवर बेल्जियमच्या एफएन कंपनीनं १८९९ च्या सुमारास ७.६५ मिलिमीटरचं पिस्तूल आणि त्यासाठी नवं काडतूस काढलं. तेच आपलं पिस्तुलाचं बत्तीस बोअर. रिव्हॉल्व्हरचं बत्तीस वेगळं. त्याचं काडतूस लांब असतं, त्याच्या बुडाला रुंद कड असते आणि ते पिस्तुलात चालत नाही. नाव एक, माल दोन, म्हणून दुकानात नुसतं 'बत्तीसची द्या' म्हणून भागत नाही.

छोट्या पिस्तुलाचा स्वभाव समजायला त्याची स्लाइड समजली पाहिजे. पोलिसांच्या ९ मिलिमीटर पिस्तुलात गोळी नळीबाहेर पडेपर्यंत नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेल्या असतात. बत्तीसच्या बहुतेक पिस्तुलांत असं कुलूप नसतं. स्लाइडचं वजन आणि एक स्प्रिंग एवढ्यावरच सगळा धक्का तोलला जातो. चाप ओढला की स्लाइड मागं जाते, रिकामी पुंगळी ओढून बाहेर फेकते, घोडा चढवते आणि परत येताना मॅगझिनमधलं वरचं काडतूस ढकलून चेंबरमध्ये बसवते. हे सगळं पापणी लवायच्या आत. पिस्तूल जितकं लहान, तितका स्लाइडचा प्रवास तोकडा आणि स्प्रिंग कडक. मोठ्या पिस्तुलात थोडी घाण, थोडं कमी तेल, थोडं अशक्त काडतूस खपून जातं. छोट्यात तेवढी ऐस नसते. मनगट सैल पडलं तरी स्लाइड पुरती मागं जात नाही आणि पुंगळी दारातच अडकते.

मॅगझिनमध्ये आणखी एक खोच आहे. बत्तीसच्या पिस्तुली काडतुसाच्या बुडाची कड अंगापेक्षा किंचित रुंद असते. भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागं गेली, किंवा आखूड काडतुसं आत मागंपुढं सरकली, की दोन काडतुसं एकमेकांत गुंततात. मग स्लाइड कितीही ओढा, वरचं काडतूस पुढं सरकत नाही. मॅगझिन काढून ती मोकळी करावी लागतात. त्यावर उपाय साधा आहे. वरच्याची कड खालच्याच्या पुढं राहील असं भरायचं, पिस्तुलाला मानवणारी एकाच जातीची काडतुसं वापरायची आणि मॅगझिनचे ओठ वाकलेत का ते पाहायचं. मॅगझिन जमिनीवर आपटलं की हे ओठ केसाएवढे वाकतात आणि डोळ्याला पटकन दिसतही नाहीत.

पण जालन्यात पिस्तूल झिजतं ते चालवून थोडंच, बाळगूनच जास्त. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकून न्यावं लागतं. म्हणजे ते शर्टाखाली, अंगाला चिकटून राहणार. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा मूठ आणि स्लाइडची आतली बाजू घामानं ओली होते. घामातलं मीठ पोलादावरचा काळा थर खातं आणि जिथं बोटांचे ठसे उमटले तिथंच आधी तांबूस ठिपके येतात. काळ्या मातीची बारीक धूळ आणि कपड्याची कुसं तेलावर बसून घट्ट चिकटा होतो. चामड्याच्या होल्स्टरात पिस्तूल कायमचं ठेवलं तर चामडं ओल धरतं आणि गंज लवकर चढतो. म्हणून रात्री होल्स्टरमधून काढून, कोरड्या फडक्यानं पुसून, तेलाचा पुसट हात फिरवून, कुलपात ठेवणं हीच निम्मी देखभाल झाली.

तेलाच्या बाबतीत मात्र उत्साह आवरावा लागतो. स्लाइड ज्या खाचांतून सरकते तिथं आणि नळीच्या बाहेरच्या घासणाऱ्या जागी एकेक थेंब पुरतो. बाकी पृष्ठभाग पुसून जवळपास कोरडे. चेंबरमध्ये आणि मॅगझिनमध्ये तेल नकोच, कारण ते झिरपत काडतुसाच्या टोपीपर्यंत गेलं तर तिच्यातला स्फोटक मसाला मंदावतो. मग चाप ओढल्यावर नुसता 'टक' आवाज होतो. अशा वेळी घाई न करता, नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबायचं असतं, कारण काही काडतुसं उशिरानं पेटतात.

वर्षातून एकदा तरी बहुतेक घरांतलं पिस्तूल बाहेर येतंच. तो दिवस खंडेनवमीचा. तलवार, विळा, कोयता, ट्रॅक्टर यांच्या रांगेत त्यालाही हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल मिळतं. पूजेला हरकत नाही. अडचण पुढं आहे. ओल्या बोटानं लावलेलं कुंकू स्लाइडच्या फटीत, चापामागं आणि नळीच्या तोंडात जातं, आणि प्रसाद वाटून झाला की पिस्तूल तसंच कापडात गुंडाळून कपाटात परततं. पुढच्या दसऱ्याला ते उघडावं तर मागच्या वर्षीचं कुंकू गंजासकट बसलेलं. काडतुसं आधी काढून ठेवायची, पूजा रिकाम्या शस्त्राची करायची आणि संध्याकाळी ते खोलून पुसायचं, एवढं केलं तर तोच दिवस वार्षिक तपासणीचा होऊ शकतो.

जालन्यातच या हेळसांडीच्या नेमकं उलटं वळण दिसतं. राज्य राखीव पोलीस बलाच्या गट क्रमांक ३ चं मुख्यालय इथं आहे, पोलीस प्रशिक्षण केंद्रही आहे. पोलिसांच्या कोतात, म्हणजे शस्त्रागारात, शस्त्र नंबरानं निघतं, नंबरानं परत येतं आणि रजिस्टरवर चढतं. गोळीबारानंतर पुलथ्रूच्या दोरीला फलालीनची चिंधी बांधून नळीतून ओढायची, ती पांढरी निघेपर्यंत. आर्मरर स्प्रिंगचा जोर बघतो, फायरिंग पिनचं टोक बघतो, पुंगळी ओढणारा आकडा झिजलाय का बघतो. दलातल्या शस्त्रावर विश्वास बसतो तो या नोंदवहीमुळं. सराव आटला की तोही डळमळतो. २६/११ नंतर नेमलेल्या प्रधान समितीनं सरावाच्या काडतुसांच्या टंचाईवर बोट ठेवलं होतं. खासगी परवानाधारकाचं तर त्याहून अवघड. परवान्यावर काडतुसांचा आकडा लिहिलेला असतो, म्हणून ती जपून ठेवली जातात. पिस्तुलासोबत आलेली पहिली पंचवीस पंधरा वर्षांनीही तशीच, पितळ काळवंडलेलं. मॅगझिन मात्र पूर्ण भरून वर्षानुवर्षं पडलेलं. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसं बनवतोय. त्याच्या 'केएफ' शिक्क्याचा मालही ओल, उष्णता आणि वय यांपुढं हरतोच. जुनी काडतुसं परवानगीच्या रेंजवर सरावात संपवून नवी भरणं हाच शहाणपणा. शेतातल्या बाभळीवर किंवा वरातीत ती उडवणं हा गुन्हा आहे. जल्लोषाच्या गोळीबाराला २०१९ च्या दुरुस्तीनं दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली आहे.

निवडणूक आली की आणखी एक वळसा. आचारसंहितेत परवान्याची शस्त्रं पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. २०२४ साली लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका एकाच वर्षात झाल्या. ठाण्यात शस्त्र जपलं जातं, पण मालकासारखं पुसलं जाणार नाही. जमा करण्यापूर्वी तेलाचा हात आणि परत आल्यावर खोलून तपासणी ही जबाबदारी मालकाचीच.

'पिस्तूल साफ करताना गोळी सुटली' हे वाक्य आपल्या वर्तमानपत्रांत इतकं येतं की साफसफाईच धोक्याची वाटावी. त्यामागची चूक बहुधा एकच असते. मॅगझिन काढलं की पिस्तूल रिकामं झालं असा समज. चेंबरमध्ये एक काडतूस उरलेलं असतं आणि काही पिस्तुलांत खोलण्यापूर्वी चाप ओढावा लागतो. क्रम असा हवा: आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड दोन-तीनदा मागं, मग चेंबरमध्ये डोळ्यानं पाहायचं आणि करंगळीनं चाचपायचं, काडतुसं दुसऱ्या खोलीत, आणि त्यानंतरच फडकं हातात. जुन्या धाटणीच्या रिव्हॉल्व्हरला दुसरा धोका. घोडा भरलेल्या घरावर टेकलेला असेल तर शस्त्र पडताच गोळी सुटू शकते. १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. ते कपाटात ठेवताना हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं.

बिघाड झाला की जालन्यात हात शिवशिवतात, कारण औद्योगिक वसाहतीत लेथ आणि कुशल कामगार यांना तोटा नाही. स्प्रिंग कापून देणारा, पिन घासून देणारा सहज मिळेल. पण शस्त्राची दुरुस्ती करायलाही १९५९ च्या शस्त्र कायद्यानं वेगळा परवाना लागतो, आणि स्प्रिंगचा एक वेटोळा कमी केला की स्लाइड हलकी चालते ती काही दिवस. नंतर धक्का थेट सांगाड्यावर बसून तडा जातो. स्प्रिंग बदलायचीच तर कारखान्याची आणि परवानाधारक विक्रेत्याकडून.

शेजारच्या बीडमध्ये २०२४ च्या डिसेंबरपासून परवान्यांची झाडाझडती सुरू झाली, तेव्हा चर्चा कुणाला शस्त्र मिळालं याची झाली, आणि ती व्हायलाच हवी. ज्याला मिळालं तो ते सांभाळतो का, हा प्रश्न त्याइतकाच महत्त्वाचा आहे. शर्टाखाली झाकलेलं हत्यार हळूहळू मालकाच्याही नजरेआड जातं, आणि त्याचं बिघडणं तिथूनच सुरू होतं. महिन्यातून अर्धा तास, वर्षातून एकदा रेंज आणि ताजी काडतुसं यांची तयारी नसेल, तर ते कायदेशीररीत्या ठाण्यात किंवा विक्रेत्याकडे जमा करावं. गंजलेल्या पिस्तुलानं चोर अडत नाही, आणि घरातल्या माणसाला मात्र ते कधीही जखमी करू शकतं.