तिसऱ्यांमधलं तेल

तासगावच्या द्राक्षबागायतदाराला ‘रेसिड्यू’ (फवारणीच्या अवशेषांची) तपासणी नवी नाही. समुद्रात तेल सांडलं की तिसऱ्या-कालवांसारख्या शिंपल्यांचीही तशीच तपासणी करावी लागते. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजं धडकली. सुमारे ८०० टन तेल सांडलं. तवंग डोळ्यांना दिसतो, पण पाण्याचा नमुना त्या घटकेपुरताच खरा. भरती आली की बदलला. शिंपले मात्र एका जागी राहून सतत पाणी गाळतात. तेलातले बहुवलयी हायड्रोकार्बन मासे बऱ्यापैकी पचवून बाहेर टाकतात, शिंपल्यांना ते फारसं जमत नाही, म्हणून ती द्रव्यं त्यांच्या अंगात साठतात. युरोपात त्यांतल्या बेन्झोपायरीनची शिंपल्यांमधली मर्यादा किलोला ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे नाकाला कळणारच नाही इतकी! स्वच्छ पाण्यात शिंपले हळूहळू निवळतात, म्हणून आकडा उतरेपर्यंत नमुने घेत राहायचे.