कुणाच्याच गोटात न मावलेला

ऑगस्ट १९६९. न्यूयॉर्क राज्यातल्या बेथेल गावाजवळ एका दूधवाल्या शेतकऱ्याच्या कुरणावर वुडस्टॉकचा संगीत महोत्सव भरला होता. लांब केसांची, व्हिएतनाम युद्धाला विरोध करणारी लाखो पोरं चिखलात बसून गाणी ऐकत होती. शनिवारी रात्री त्यांचा लाडका 'ग्रेटफुल डेड' हा बँड मंचावर आला आणि त्यानं 'मामा ट्राइड' वाजवलं. आईनं जिवाचं रान केलं तरी पोरगा वाया गेला आणि तुरुंगात पोचला, याची कबुली देणारं हे कंट्री गाणं. ते लिहिलं होतं मर्ल हॅगर्डनं आणि आदल्याच वर्षी त्यानं ते गाजवलंही होतं. दीड महिन्यातच या हॅगर्डची नवी तबकडी बाजारात आली, 'ओकी फ्रॉम मस्कोगी'. तिच्यात गांजा, एलएसडी, लांब केस, सैन्यभरतीची कार्डं जाळणं या सगळ्याची टर उडवली होती. म्हणजे वुडस्टॉकच्या चिखलात बसलेल्या पोरांचीच.

हे कोडं सोडवायला अमेरिकेतले समीक्षक पन्नास वर्षं झटत आले आहेत. मला ते सोडवण्यात फारसा रस नाही. हॅगर्डचं बंड ते न सुटण्यातच आहे असं मला वाटतं. टाळ्या वाजवणाऱ्यांच्या मालकीचा व्हायला त्यानं नकार दिला. कधी उशिरा दिला, कधी मोहात पडून दिलाच नाही. पण हिशेब मांडला तर नकारच जास्त भरतात.

आपल्याकडे कंट्री म्हटलं की जॉन डेन्व्हर किंवा केनी रॉजर्स आठवतो. डोंगर, घराची ओढ, गोड गिटार. हॅगर्डचं गाणं कापूस वेचणाऱ्यांच्या आणि तेलविहिरींवर राबणाऱ्यांच्या वस्तीतून आलं, आणि ती वस्ती कशी बसली हे सांगितल्याशिवाय त्याच्याकडे जाता येत नाही.

१९३०च्या दशकात ओक्लाहोमा, टेक्सस, कॅन्सस या पट्ट्यावर दुष्काळ, मंदी आणि धुळीची वादळं एकदमच कोसळली. कुळं जमिनीवरून उठली, जुनाट मोटारींवर गाद्या-भांडी बांधून पश्चिमेला निघाली. तीन लाखांहून जास्त माणसं कॅलिफोर्नियात आली. तिथं त्यांना 'ओकी' म्हणत, आणि ती शिवी होती. १९३६ साली लॉस एंजेलिसच्या पोलिसप्रमुखानं राज्याच्या सीमेवर आपली माणसं पाठवून कफल्लक स्थलांतरितांना परत पिटाळायला सुरुवात केली. जॉन स्टाइनबेकनं या माणसांवर 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' लिहिली. ती आता मराठीतही आहे. १९३९ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या कर्न कौंटीनं आपल्या वाचनालयांतून आणि शाळांतून तिला बंदी केली. हॅगर्ड कुटुंब राहत होतं ते याच कर्न कौंटीत.

हे कुटुंब ओक्लाहोमातल्या चेकोटा गावचं. १९३४ साली त्यांचं धान्याचं कोठार जळालं आणि पुढच्या वर्षी जेम्स आणि फ्लॉसी हॅगर्ड दोन मुलांना घेऊन बेकर्सफील्डला आले. जेम्सला सँटा फे रेल्वेत काम मिळालं. शेजारच्या ऑइलडेलमध्ये रेल्वेचा एक जुना मालडबा पडून होता. त्यानं तो राहण्याजोगा केला, खिडक्या बसवल्या, पुढे खोल्या जोडल्या. ६ एप्रिल १९३७ रोजी मर्लचा जन्म झाला तो या डब्यातल्या संसारात.

मर्ल नऊ वर्षांचा असताना वडील मेंदूतल्या रक्तस्रावानं गेले. आई नोकरीला जाऊ लागली आणि पोरगा रिकाम्या घराला विटून बाहेर पडला. मालगाड्यांवर चढून पळून जाणं, किरकोळ चोऱ्या, बालसुधारगृह, तिथूनही पळणं. अशा वेगवेगळ्या संस्थांतून आपण सतरा वेळा पळालो, असं तो सांगत असे. थोरल्या भावानं दिलेली जुनी गिटार मात्र त्यानं सोडली नाही. गायक लेफ्टी फ्रिझेल हा त्याचा देव. बेकर्सफील्डच्या एका कार्यक्रमात फ्रिझेलनं या किशोरवयीन पोराचं गाणं मंचामागे ऐकलं आणि आपल्याआधी त्याला मंचावर गाऊ दिलं.

शेवटच्या गुन्ह्याची गोष्ट हास्यास्पद आहे. १९५७ साली तो आणि त्याचा एक मित्र दारूच्या नशेत एका हॉटेलचा मागचा दरवाजा फोडायला गेले. मध्यरात्र उलटली असावी असा त्यांचा समज. प्रत्यक्षात हॉटेल चालू होतं, आत गिऱ्हाइकं जेवत होती. मालकानं दार उघडलं आणि पुढच्या दारानं का येत नाही, असं विचारलं. अटकेनंतर हॅगर्ड बेकर्सफील्डच्या कोठडीतून पळाला, पकडला गेला, आणि मागच्या सगळ्या पळापळीची बेरीज होऊन त्याची रवानगी सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात झाली. कैदी क्रमांक ए-४५२००. एकविसावा वाढदिवस त्यानं तिथं काढला.

आतमध्येही त्यानं जुगार चालवला, दारू गाळली आणि त्यापायी एकांतकोठडी भोगली. शेजारी मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठड्या होत्या. तुरुंगातून पुस्तकं लिहून जगभर गाजलेल्या कॅरिल चेसमनशी आपण तिथून बोललो, असं हॅगर्डनं सांगितलं आहे. चेसमनला मे १९६० मध्ये विषारी वायूनं मृत्युदंड देण्यात आला. दुसरा कैदी, टोपणनाव रॅबिट, कारखान्यात बनवलेल्या एका टेबलात लपून पळून जाणार होता आणि त्यात दुसऱ्या माणसाला जागा होती. हॅगर्डला बोलावणं होतं. तुझ्या गळ्यात काहीतरी आहे, तू जाऊ नकोस, असं सोबत्यांनी समजावलं आणि तो थांबला. रॅबिट पळाला, त्याच्या हातून महामार्ग पोलिसाचा खून झाला, तो सापडला आणि परत आला तो मरणासाठीच. मृत्युदंडाला निघालेल्या कैद्याला गाणं ऐकवणाऱ्या सोबत्यावरचं 'सिंग मी बॅक होम' हे गाणं यातून आलं.

१ जानेवारी १९५९ रोजी कंट्री गायक जॉनी कॅश सॅन क्वेंटिनमध्ये गायला आला. आदल्या रात्रीच्या जागरणानं त्याचा आवाज बसला होता, तरी त्यानं अख्खा तुरुंग खिशात घातला. प्रेक्षकांत बसलेल्या हॅगर्डनं नंतर तुरुंगातल्याच गिरणीत काम धरलं, शाळेची परीक्षा दिली, तुरुंगाच्या बँडमध्ये वाजवू लागला. नोव्हेंबर १९६० मध्ये पॅरोलवर सुटला तेव्हा दोन वर्षं नऊ महिने भरले होते. बाहेर आल्यावर दिवसा भावाच्या वायरिंगच्या धंद्यात चर खणायचे आणि रात्री बेकर्सफील्डच्या दारूगुत्त्यांत गायचं.

या गुत्त्यांचं एक स्वतंत्र संगीत होतं. नॅशव्हिलमधले निर्माते तेव्हा कंट्री गाण्याला व्हायोलिनांचे ताफे आणि कोरस लावून शहरी दिवाणखान्यात बसवत होते. बेकर्सफील्डला ते परवडणारं नव्हतं आणि मानवणारंही नव्हतं. तेलविहिरीवरून आलेली माणसं ओरडत, नाचत, मारामाऱ्या करत; त्या गलक्यातून ऐकू जायला टेलिकास्टर गिटारचा कर्कश, धारदार आवाज हवा, ढोल ठणठणीत हवा. बक ओवेन्सनं हा बाज देशभर नेला. हॅगर्डनं त्यात शब्द घातले. वाद्यांच्या त्या कडक आवाजापुढे त्याचा स्वतःचा गळा मात्र मऊ, संथ, ओळीच्या शेवटी हळूच खाली उतरणारा. तो कधी किंचाळत नाही. दुःख सांगताना आवाज चढवायचा नसतो हे त्याला पक्कं कळलं होतं.

'टॅली' या छोट्या कंपनीकडून तो १९६५ मध्ये 'कॅपिटल'कडे गेला. त्याच वर्षी बक ओवेन्सची पूर्वाश्रमीची पत्नी बॉनी ओवेन्स हिच्याशी त्यानं लग्न केलं. ती स्वतः गायिका. बसमध्ये, रात्री-अपरात्री सुचलेल्या ओळी कागदावर उतरवायचं काम तिचं. घटस्फोटानंतरही ती त्याच्या बँडमध्ये गात राहिली आणि त्याच्या पुढच्या लग्नात करवली म्हणून उभी राहिली. हॅगर्डनं एकूण पाच लग्नं केली. त्या खात्यात त्याच्या बाजूनं बोलण्यासारखं फार नाही.

त्याचं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं होतं फरारी माणसाचं, १९६७ मधलं. ते लिहिणाऱ्या लिझ अँडरसन आणि तिच्या नवऱ्याला हॅगर्डचा इतिहास ठाऊकच नव्हता. श्रोत्यांनाही नव्हता. मग 'ब्रँडेड मॅन', 'सिंग मी बॅक होम', 'मामा ट्राइड' अशी गाणी ओळीनं आली. लोकांना ती कल्पनेची करामत वाटे, आणि तो सत्य उघड होईल या धास्तीत जगे. अखेर जॉनी कॅशनंच आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते जाहीर करायला त्याला राजी केलं. तुमचा सॅन क्वेंटिनचा कार्यक्रम मी पाहिला होता, असं हॅगर्डनं सांगितलं तेव्हा कॅशला वाटलं, हाही त्या दिवशी गायला होता. आपण प्रेक्षकांत होतो, हे हॅगर्डला समजावून सांगावं लागलं. धास्ती फुकट गेली. लोकांनी त्याला आणखी जवळ केलं.

आता 'ओकी'. मस्कोगी हे चेकोटापासून जवळचंच शहर. बँडची बस ओक्लाहोमातून जात असताना रस्त्यावर मस्कोगीची पाटी दिसली, कुणीतरी म्हणालं की इथं कुणी गांजा ओढत नसेल, आणि हसत-खिदळत ड्रमवादक रॉय बरिसबरोबर गाणं तयार झालं. हे गाणं थट्टा होतं की प्रामाणिक विधान? हॅगर्डनं वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी उत्तरं दिली. माझ्या मते त्यात दोन्ही आहे. शिवी म्हणून वापरलेला शब्द त्यानं छाती पुढे काढून स्वतःचं नाव म्हणून उच्चारला, ही त्यातली खरी ठिणगी. बापाच्या पिढीनं खालमानेनं गिळलेला अपमान त्यानं परतवला. पण अमेरिका तेव्हा व्हिएतनामवरून उभी फाटली होती आणि उजव्या मंडळींना राष्ट्रगीत हवं होतं. त्यांना ते सापडलं. १९७० मध्ये कंट्री म्युझिक असोसिएशनची मोठी पारितोषिकं त्याला मिळाली. 'द फायटिन साइड ऑफ मी' या गाण्यानं त्यानं आगीत तेलही ओतलं, आणि हे गाणं त्याच्या उत्तम गाण्यांत मी मोजणार नाही.

मात्र 'ओकी'च्या पाठोपाठ त्याला आणायचं होतं ते गाणं वेगळंच होतं. 'इर्मा जॅक्सन': लहानपणापासून एकमेकांवर जीव जडलेले एक गोरा मुलगा आणि एक काळी मुलगी, आणि जग संमती देत नाही म्हणून होणारी त्यांची ताटातूट. आंतरवर्णीय विवाहांवरचे राज्यांचे बंदीकायदे सर्वोच्च न्यायालयानं रद्द केले होते १९६७ मध्ये, म्हणजे दोनच वर्षांपूर्वी. 'ओकी'वर नाचणाऱ्या श्रोत्यांना हे गाणं किती झोंबलं असतं याची कल्पना यावरून करावी. 'कॅपिटल'चे केन नेल्सन यांनी ते अडवलं. ते प्रसिद्ध झालं १९७२ मध्ये, तबकडीतल्या अनेक गाण्यांपैकी एक म्हणून, गाजावाजाविना. हॅगर्डनं त्यावेळी जोर धरायला हवा होता. तो नमला, ही त्याच्या आयुष्यातली मोठी उणीव मी मानतो. वर्णभेदाचा पुरस्कर्ता जॉर्ज वॉलेस निवडणुकीत पाठिंबा मागायला आला, तेव्हा मात्र त्यानं साफ नकार दिला.

सत्तेशी त्याचं नातं असं गुंतागुंतीचंच राहिलं. मार्च १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी त्याला संपूर्ण माफी दिली. पुढच्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या पत्नी पॅट यांच्या वाढदिवसाच्या निमित्तानं तो व्हाइट हाउसमध्ये गायला. 'ओकी' लागेपर्यंत तिथल्या पाहुण्यांच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही. निक्सन यांचे सहायक हॅल्डमन यांनी संध्याकाळ फसल्याचं आपल्या रोजनिशीत नोंदवलं आहे. एक गाणं सोडून त्या लोकांना बाकीचा हॅगर्ड नकोच होता.

आणि बाकीचा हॅगर्ड केवढा मोठा! १९६९ च्याच 'हंग्री आइज'मध्ये मजुरांच्या छावणीतल्या आईच्या भुकेल्या नजरेचं चित्र आहे. श्रीमंत-गरीब या भेदावर कंट्री संगीतात इतकं नेमकं क्वचितच कुणी लिहिलं असेल. १९७३ चं 'इफ वी मेक इट थ्रू डिसेंबर' कारखान्यातून कमी केलेल्या बापाचं, ज्याच्याकडे नाताळात मुलीसाठी पैसे नाहीत. पूर्वसुरींचं ऋणही त्यानं फेडलं. जिमी रॉजर्सच्या गाण्यांची दुहेरी तबकडी काढली. बॉब विल्सला मानवंदना द्यायची म्हणून तिशी उलटल्यावर फिडल शिकला आणि विल्सच्या जुन्या वादकांना पुन्हा स्टुडिओत आणलं. कंपनीच्या दृष्टीनं हा धंदा बेभरवशाचा, तरी त्यानं तो केला.

१९७०च्या दशकाच्या मध्यावर नॅशव्हिलनं 'आउटलॉ' (कायद्याबाहेरचा) नावाची टूम काढली. वेलन जेनिंग्ज आणि विली नेल्सन दाढ्या वाढवून त्याचे नायक झाले, तबकड्या लाखांनी खपल्या. दोघेही थोर गायक, आणि कंपन्यांशी त्यांचं भांडणही खरं होतं. गंमत एवढीच, की सॅन क्वेंटिनमध्ये वर्षं काढलेला माणूस त्या जाहिरातीत ठळक नव्हता. पुढे नेल्सनबरोबर त्यानं टाउन्स व्हॅन झँटचं 'पांचो अँड लेफ्टी' गायलं आणि १९८३ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यानंतरचा काळ उतरणीचा. १९९२ मध्ये दिवाळं निघालं, गाण्यांचे हक्क विकावे लागले. २००० साली त्याला पुन्हा उभं केलं ते पंक संगीतवाल्या 'एपिटाफ'शी संलग्न 'अँटी' या कंपनीनं.

म्हातारपणी तो अधिक मोकळा बोलू लागला. २००३ मध्ये इराक युद्धावरून 'डिक्सी चिक्स' या गायिकांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यावर टीका केली, तेव्हा कंट्री रेडिओनं त्यांची गाणी बंद केली. 'ओकी'चा जनक त्यांच्या बाजूनं उभा राहिला, आणि युद्धाच्या बातम्या देणाऱ्या माध्यमांची झाडाझडती घेणारं गाणंही त्यानं काढलं. त्याच्या जुन्या चाहत्यांपैकी अनेकांना हा द्रोह वाटला. २००८ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. दोनेक महिन्यांत तो मंचावर परतला. २०१० मध्ये ओबामांच्या काळात केनेडी सेंटरचा सन्मान मिळाला. मार्च २०१६ मध्ये 'मामा ट्राइड'ची निवड लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण संग्रहात झाली. ६ एप्रिल २०१६ रोजी, एकोणऐंशीव्या वाढदिवशीच, न्यूमोनियानं त्याचा मृत्यू झाला. अव्वल क्रमांकाची अडतीस गाणी त्याच्या नावावर आहेत. ऑइलडेलचा तो मालडबा आता कर्न कौंटीच्या संग्रहालयात ठेवला आहे.

ज्यांना हॅगर्ड ऐकायचा असेल त्यांनी 'ओकी'पासून सुरुवात करू नये, एवढंच सुचवतो. आधी 'हंग्री आइज' ऐका, मग 'सिंग मी बॅक होम', मग 'इर्मा जॅक्सन', आणि त्यानंतर 'ओकी'. या क्रमानं ऐकलंत तर त्याला कुठल्या गोटात बसवायचं याची घाई होणार नाही.