वारणाकाठचे विस्मृत गनिमी लढवय्ये

पहिल्या महायुद्धातल्या अरब बंडाचं नाव निघालं की लोकांना इंग्रज अधिकारी लॉरेन्स आठवतो. आधी तुर्की फौजेत असलेले आणि मग बंडात उतरलेले जाफर अल-अस्करी, नुरी अल-सईद किंवा वाळवंटातल्या टोळ्या मात्र कुणाच्या ध्यानात नसतात. आपल्याकडे इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या साताऱ्याच्या प्रतिसरकारचंही असंच झालं आहे.

‘प्रतिसरकार म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटील’ हा त्याबद्दलचा पहिला गैरसमज. नानांचं मोठेपण वादातीत आहे, पण गनिमी लढाई एका माणसाच्या बळावर चालत नाही. येरवड्याचा तुरुंग फोडून आलेले किसन वीर, प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे फील्डमार्शल जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी अशी माणसं ठिकठिकाणी ही लढाई चालवत होती. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ प्रतिसरकारच्या लोकांनी सरकारी खजिना लुटला, साडेपाच लाखांचा. ‘हे तर दरोडेखोर’ असं सरकार म्हणे आणि आजही कुणी कुणी तेच बोलतं. तो पैसा कुणाच्या घरात गेला नाही. तो चळवळीसाठी होता.

‘वारणेच्या अलीकडे काही घडलंच नाही’ असंही ऐकू येतं. आज वारणानगर आहे तो भाग तेव्हा कोल्हापूर संस्थानात होता. पलीकडचे वाळवा आणि शिराळा इंग्रजांच्या सातारा जिल्ह्यात. पण संस्थानी प्रजा गप्प बसली नव्हती. १३ डिसेंबर १९४२ रोजी संस्थानातल्याच गारगोटीच्या कचेरीवर चाल करून गेलेल्या तरुणांपैकी सात जण गोळीबारात हुतात्मा झाले. गारगोटीबाहेर त्या सातांची नावं किती जणांना सांगता येतील?

नदीच्या वरच्या अंगाला, शिराळ्याच्या डोंगरात मणदूर आहे. नागनाथअण्णांनी आपल्या पोरांना शस्त्रं शिकवायला आझाद हिंद सेनेतले पंजाबी जवान आणले होते. त्यांतले नानकसिंग आणि वाळव्याचे किसन अहिर फेब्रुवारी १९४६ मध्ये मणदूरला पोलिसांशी लढताना पडले. स्वातंत्र्याला दीड वर्षच उरलं होतं. वाळव्याच्या साखर कारखान्याला हुतात्मा किसन अहिरांचं नाव आहे. पंजाबातून येऊन सह्याद्रीत देह ठेवणाऱ्या नानकसिंगांचं नाव मात्र मागेच राहिलं.

सगळ्यांत जुना गैरसमज बायकांबद्दलचा : ‘त्यांनी भाकऱ्या पोचवल्या.’ पोचवल्याच, आणि पकडलं गेलं तर काय होईल हे ठाऊक असताना पोचवल्या. ते कमी लेखण्याजोगं नाही. पण तेवढंच नव्हतं. नाना पाटलांच्या कन्या हौसाताईंनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याघरी जायला नकार देणाऱ्या बाईचं सोंग घेतलं. ‘भाऊ’ झालेल्या साथीदाराचा मार खरोखर सोसला आणि पोलीस भांडण सोडवायला धावले तेवढ्यात बाकीच्यांनी आतली हत्यारं पळवली. पुढे गोव्यातल्या कामगिरीत, पोहता येत नसताना, लाकडी पेटीच्या आधाराने त्यांनी रात्री मांडवी नदी ओलांडली. २०२१ मध्ये त्या गेल्या.